बेड्याची एकच दांडी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवापुढे बसूनही नाही, तिथे मी दुसरंच काहीतरी मागत बसायची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये.

सुरुवात कुठून करू? नाट्यगृहापासून करते. तिथे गेले नसते तर हे माझ्याबरोबरच गेलं असतं.

पूर्वी टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा — ‘तिघांत खरा कोण’. तीन माणसं ओळीने बसायची आणि तिघंही एकच गोष्ट सांगायची. बिबट्याच्या तोंडातून सुटलो तो मीच, असं काहीतरी. एक खरा, दोन खोटे. समोर चार शिकलेली माणसं बसलेली. ती उलटसुलट प्रश्न विचारायची, मग आपापला अंदाज सांगायची. शेवटी निवेदक म्हणायचा, “आता खरा असेल त्याने उभं राहावं.” तिघंही जरा उठल्यासारखं करायची. आणि मग एकजण उभा राहायचा.

तोच कार्यक्रम आता मुंबईची मंडळी रंगमंचावर करतात, गावोगाव फिरतात. रत्नागिरीत आले तेव्हा नातीने तिकिटं काढली. सायली तिचं नाव.

“आजी, तुझ्या तरुणपणचा कार्यक्रम आहे. चल.”

“माझ्या तरुणपणी मी चिखलात होते,” मी म्हटलं. पण गेले. जायला नको होतं? कोण जाणे.

तिथे गेल्यावर कळलं की पोरीने दारातच माझं नाव देऊन ठेवलंय. मला आत नेलं. आणखी दोन बायका होत्या, माझ्याच वयाच्या. त्यातली एक पूर्णगडची. नवरा होडीतच आजारी पडला, तर हिने वादळात एकटीने होडी किनाऱ्याला आणली होती. ती खरी. आम्ही दोघी खोट्या. तिने आम्हाला सगळं नीट सांगितलं — वारा कुठून होता, नवरा कुठे निजवला होता. मी आयुष्यात होडीत बसलेली नाही. फेरीबोटीतून खाडी ओलांडायची तरी मला मळमळतं.

पडदा वर गेला. समोर रत्नागिरीतलीच चार माणसं — डॉक्टर, वकील, एक प्राध्यापक बाई आणि एक नाटकातली बाई. वकिलांनी मला विचारलं, “आजी, वल्हं कुठल्या हातात होतं?”

मी म्हटलं, “नवरा मरतो की जगतो ते बघू, का हात बघू?”

सगळं थिएटर हसलं. पूर्णगडची बाई मात्र अडखळत होती. खरं आठवताना माणूस अडखळतो — तिचा नवरा तेव्हा वाचला नव्हता, हे तिने आम्हाला आत सांगितलं होतं. चौघांनीही माझंच नाव घेतलं. मग निवेदक म्हणाला, “आता खरी असेल तिने उभं राहावं.”

आम्ही तिघींनी खुर्चीचे हात धरले. शेजारची बाई उभी राहिली. टाळ्या पडल्या — तिला थोड्या, मला जास्त. मी खुर्चीचे हात धरून बसूनच राहिले. हे वाक्य मी याआधीही ऐकलं होतं. नुसतं टीव्हीवर नव्हे. आमच्या पडवीत.

रिक्षात सायली म्हणाली, “आजी, तुझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही गं! कसलं भारी खोटं बोलतेस!”

कौतुकाने म्हणाली ती.

आता पडवीचं सांगते.

आमचं घर गावात, पूर्णगडच्या रस्त्याला. आम्ही तिघी जावा. थोरली, मधली मी, आणि धाकटी निमा. तिघींचे नवरे मुंबईला. भात करायचं ते आम्ही बायकांनी आणि सासूबाईंनी. टीव्ही गावात एकच, आंब्याच्या बागवाल्यांकडे. रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर सगळा गाव जमायचा.

हा कार्यक्रम आम्हा तिघींना इतका आवडला की शेतात बेणताना, तण काढताना, आम्ही तोच खेळ खेळायचो. तिघींनी एकच गोष्ट सांगायची, शेजारच्या बायकांनी खरी कोण ते ओळखायचं. मला कधी कोणी पकडलं नाही. आणि निमाला दर वेळी पकडायच्या — ती खरी असली तरी. कारण निमा हसायची. खोटं बोलताना हसायची, खरं बोलताना त्याहून जास्त हसायची. कोणी आपल्याकडे रोखून बघितलं की तिला हसू यायचं, तोंडावर पदर घेतला तरी थांबायचं नाही. लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा हसत होती. ती हसली म्हणजे खोटी, असं बायका म्हणायच्या. तसं नाही, हे मला माहीत होतं. तिच्या शेजारी बसून जेवत होते मी, मला माहीत नसणार?

हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

आमच्याकडे मळ्याला गडगा असतो, दगड रचलेलं कुंपण. आत जायच्या वाटेला बेडं. दोन उभे खांब, त्यांना भोकं, भोकांतून तीन आडव्या दांड्या सरकवायच्या. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण तुम्ही कुठले असाल कोण जाणे. रीत अशी, की जी शेवटी बाहेर येईल तिने तिन्ही दांड्या लावायच्या. पुढे गेलेल्या बायका मागे वळून बघत नाहीत. मागची लावणार, हे धरलेलंच असतं.

त्या वर्षी मळ्यात तरवा उगवला होता — भाताची रोपं. लावणीला आठ-दहा दिवस होते. त्या रविवारी थोरली चुलीकडे लवकर गेली. मग निमा गेली, घरी जाऊन लुगडं बदलायला. चिखलाने भरलेली होती. मी मागे राहिले. गडग्याकडेला टाकळ्याची भाजी कोवळी होती, ती खुडत बसले. आणि बागवाल्यांकडून कार्यक्रमाचं संगीत ऐकू आलं.

मी पळाले. बेड्याला एकच दांडी घातली, मधली. बाकीच्या दोन खालीच पडल्या होत्या. येताना लावीन म्हटलं. ओटीवर जाऊन पुढे जागा धरली. निमा नंतर आली, धुतलेलं लुगडं नेसून, माझ्या मागे बसली. सगळ्या गावाने बघितलं की निमा शेवटी आली.

कार्यक्रम संपला तोवर अंधार आणि पाऊस. मी सरळ घरी आले. येताना लावणार होते ना? विसरले.

सकाळी मळ्यात गुरं होती. कोणाची ते विचारू नका, मोकाट होती. तरवा जमिनीबरोबर खाल्लेला, उरलेला तुडवलेला. पुन्हा पेरायला वेळ उरलेला नव्हता. वर्षाचं भात गेलं.

सासूबाईंनी आम्हा तिघींना पडवीत ओळीने बसवलं. त्याही दर रविवारी बागवाल्यांच्या ओटीवर असायच्या. त्या रडत नव्हत्या, ओरडतही नव्हत्या. म्हणाल्या, “शेवटची कोन आली गो बेड्यातनं? जी आली ती उभी ऱ्हा.”

कोणी उभं राहिलं नाही.

थोरली म्हणाली, “आई, मी चुलीकडं होते, तुमीच बघितलंत.”

निमा म्हणाली, “मी वयनींच्या आदी आले. वयनी मागं होत्या, भाजी खुडीत.” आणि सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या, तशी ती हसली. पदर तोंडावर घेतला, खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना.

“आमचं वरीस गेलं आनि तू हसतंस?” सासूबाई म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “मी पुढं आले, आई. निमा मागं होती. टीव्हीकडं पन ती मागनंच आली.”

आवाज हलला नाही. भाजीची जुडी कोपऱ्यात पडलेली होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं होतं.

भीती वाटली म्हणून बोलले, असं सांगायला मला आवडेल. पण तसं नव्हतं. मला काय झालं असतं? शिव्या पडल्या असत्या, महिनाभर कोणी बोललं नसतं. माझ्या पदरात मुलगा होता, मला कोण घालवणार होतं? तोंडातून सहज आलं, शेतात खेळताना यायचं तसं. आणि एकदा आलं ते मी परत घेतलं नाही.

निमाने माझ्याकडे बघितलं. हसू तेव्हा थांबलं तिचं.

तिला मूल नव्हतं. तिचा नवरा, माझे धाकटे दीर, मुंबईहून आले, त्यांना सगळं आमच्याकडूनच कळलं. हातून चूक झाली याचा राग नव्हता कोणाला — खोटं बोलली आणि वर हसली, याचा होता. दिरांनी तिला माहेरी पोचवली, संगमेश्वरच्या पलीकडे. चार दिवस राहू दे, डोकं थंड होऊ दे, असं म्हणाले. तिने पेटीसुद्धा नेली नाही. येणारच होती ना परत? पहिल्या गणपतीला मी तिची वाट बघितली — खरंच बघितली. ती आली असती तर मला सुटल्यासारखं झालं असतं. कोणी आणायला गेलं नाही. खरं ते एक वाक्य बोलले असते, तर मीच तिला आणायला जाऊ शकले असते. नंतर दिरांनी मुंबईत दुसरं लग्न केलं. तिची पेटी माझ्या खोलीत आली. मी तिच्यात गोधड्या ठेवल्या.

सासूबाई गेल्या, थोरली गेली, माझा नवरा गेला. दीरही गेले. विचारणारं कोणी उरलं नाही.

नाट्यगृहातून आल्यावर मी जेवले नाही. पुढच्या आठवड्यात एसटीने निमाकडे गेले. सायलीला सांगितलं, नातेवाइकांकडे जाते.

निमा भाच्याच्या घरी असते. अंगणात कोकमाचे रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मला बघून उठायला गेली, तर गुडघे धरले. “वयनी! अगो बाय, वाट चुकलात काय?”

चहा दिला. मग विचारायला लागली. बेड्याकडचा फणस आहे का अजून? पडवीतली कोनाड्याची भिंत पडली की राहिली? तुळशीला पाणी कोण घालतं? त्या घरात ती चार पावसाळे राहिली होती, आणि एकेक दगड तिला पाठ. फणस रस्त्यासाठी तोडला, घर बंद आहे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, “बंद घर लवकर पडतं वो,” आणि रातांबे फोडायला लागली.

मी सांगायलाच आले होते. तोंड उघडलं, आणि काय सांगितलं माहीत आहे? रंगमंचावरची गंमत. वकील, वल्हं, टाळ्या. निमा हसायला लागली. तेच हसू, दात नसलेलं. लाल हात तोंडाशी नेला, गालाला डाग पडला.

“तुमी जिंकनारच वयनी,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर कोन टिकलंय?”

ती माझ्याकडे बघत होती. ही वेळ होती. यापेक्षा मोकळी वाट कोण करून देणार? मी कपात बघितलं आणि विचारलं, शेवटची गाडी किती वाजता आहे.

त्यांच्या अंगणाला अजून बेडं आहे, जुनं, दांड्यांचं. ती सोडायला तिथवर आली. मी बाहेर पडले आणि दांडी उचलायला वाकले.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तुमची गाडी चुकंल. मी लावते.”

तिला काही सुचवायचं नव्हतं. तिने आतून दांड्या उचलल्या आणि सरकवल्या. खालची, मधली, वरची. वरची भोकात बसत नव्हती, ती तिने तळहाताने ठोकून बसवली. मी रस्त्यावर उभी राहून बघत होते. मग गाडी आली आणि मी बसले.

त्या दिवशी मळ्यातून शेवटची मी आले. निमा खरं बोलत होती.

ती जिवंत आहे आणि तिला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं.