चार महिने पाणी नाही

माझी धाकटी बहीण वीस वर्षं एका रोपवाटिकेत ऑर्किड सांभाळायची. झाडाच्या सालीच्या तुकड्यावर रोप बांधायचं, मातीचा कणही नाही. मुळं हवेत लोंबतात, तिथलाच ओलावा पितात. कुणी त्याला बांडगूळ म्हटलं की ही खवळायची. "फांदीवर राहतं, पण फांदीचा एक थेंब पीत नाही. तुमच्यापेक्षा बरं!" गिऱ्हाइकालाही सोडायची नाही. आमच्या घराण्याची जीभच तशी. माझी तर विचारूच नका.

घरी तिनं एकच ऑर्किड ठेवलं होतं, खिडकीच्या गजाला टांगलेलं. दरवर्षी त्याची सगळी पानं गळायची, हातभर लांब कांड्या वाळक्या काटक्यांसारख्या लोंबायच्या, आणि मग त्याच उघड्या कांड्यांवर पेरापेराला जांभळी फुलं यायची. वास खोलीभर. अट एकच: फुलं येईपर्यंत चार महिने पाणी तोडायचं.

यंदा पानं गळायला लागली आणि ती दवाखान्यात गेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार तर चार-पाच महिने. तिला कुणी सांगावं लागलं नाही. "ताई, यंदाची फुलं तेवढी बघायचीत गं मला," एवढंच म्हणाली. नवऱ्याला बजावलं, "पाणी घालू नका. वाळल्यासारखं दिसेल, घाबरू नका."

मेहुणे घाबरलेच. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण रिकाम्या घरात त्या काटक्या बघून त्यांचा धीर सुटला. दवाखान्यातून आले की रोज गुपचूप मगभर पाणी घालत राहिले.

एक दिवस धावतच वॉर्डात आले. "अगं, कळ्या आल्या! पेरापेराला!"

ती उठून बसली. "खाली पांढरे दोरे सुटलेत का?"

"सुटलेत की! दोन-दोन!"

इतकी वर्षं तिचं ऐकून मलाही कळत होतं. पांढरे दोरे म्हणजे मुळं. या दिवसांत पाणी मिळालं की झाड पेरावरच्या त्याच डोळ्यांतून फुलांऐवजी पिल्लं, म्हणजे नवी रोपं, काढतं. यंदा फूल नाही. "अहो, तुम्ही..." मी तोंड उघडलं, तशी तिनं चादरीखालून माझं मनगट आवळलं. अंगात ताकद नव्हती, तरी नखं रुतली.

"कळ्याच आहेत," ती त्यांना म्हणाली. "छान सांभाळलंत हो."

ते चहा आणायला गेले आणि मी भडकले. "एवढंसं मागणं तुझं, त्याचंही वाटोळं केलं, आणि तू वर शाबासकी देतेस?"

ती तोंडावर चादर धरून हमसून हमसून रडत होती. "मला हवी होती गं ती फुलं. फार हवी होती." मग नाक पुसलं. "पानं उलगडली की त्यांना कळेलच. तेव्हा त्यांच्याजवळ राहा. आणि तोंड आवर."

पाचव्या दिवशी ती गेली. पुढच्या आठवड्यात सकाळीच मेहुण्यांचा फोन आला.

"ताई, त्या कळ्या नव्हत्याच. पानं आहेत ही. तिला कळलं होतं का हो?"

"छे हो," मी म्हटलं. "तिला कुठलं कळायला! थांबा, मी येते."