बोऱ्हाडे साहेबांचा शेरा

कॉमिकच्या चित्रातली इमारत कोसळायला लागली की बोऱ्हाडे साहेब पुढचं पान काढायचं थांबवत आणि खिडक्या मोजत. टॅबच्या काचेवर बोट ठेवून, ओठ हलवत. "अठ्ठेचाळीस," ते म्हणत. "आता सकाळचे अकरा वाजलेत असं धर. म्हणजे ऑफिस भरलेलं. आन् पुढच्या पानावर हा उडता गडी पोरीशी गप्पा मारतोय. त्या अठ्ठेचाळीस खिडक्यांमागची माणसं कुठं गेली, राव?"

ते आमच्या चाकणच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. मी प्रॉडक्शनला, शिफ्ट इंजिनियर. कंपनीची बस मला थेरगावहून घ्यायची, त्यांना भोसरीला. घर त्यांचं दिघीला. बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीनं त्यांना टॅब दिला होता आणि तिच्या खात्यावरून त्यात ताजी कॉमिक्स येत असत. सुपरहिरोंची, अंतराळाची, ड्रॅगन आणि चेटकिणींची. पंचावन्नाव्या वर्षी हा माणूस त्यात बुडून गेला. चाकणजवळच्या खेड्यात, शेतकरी घरात वाढलेले. वरिष्ठांपुढे ते शुद्ध बोलत, पण कॉमिकचा विषय निघाला की गाव जिभेवर येई.

त्यांची मतं ठाम होती. "पाठीवर असला झगा सोडून फिरत्या मशिनपाशी उभा राहा म्हणावं. एकदाच." अवाढव्य यानाला बाहेर पडायचा दरवाजा एकच दिसला की विचारत, "ह्याला फायरवाल्यांनी पास कसं केलं?" हल्लीच्या कथांमध्ये उठसूट समांतर विश्वं येतात, त्यांचा तर साहेबांना मनापासून वैताग. "एक दुनिया धड सांभाळता येईना, आन् ह्यांनी पाच काढल्या." मेलेला नायक दोन अंकांनी जिवंत झाला की टॅब मांडीवर उपडा टाकत. "दहाव्याचे पाहुणे अजून घरी पोचले न्हाईत, आन् हा परत हजर!" नव्या खलनायकांबद्दल मात्र ते बरं बोलत. "समजूतदार झालेत. आपल्या मीटिंगमध्ये बसवले तर वेगळे ओळखू येणार न्हाईत."

एकच कॉमिक त्यांनी तीनदा वाचलं. ड्रॅगननं जाळलेल्या गावात एक म्हातारी घरोघर जाते आणि कोण कोण गेलं ते विचारते. अख्खा अंक तेवढाच. मी म्हणालो, "साहेब, यात काही घडतच नाही."

"घडून गेलंय," ते म्हणाले. "आता इचारायचं काम राहिलंय. ते कुणी करत न्हाई."

त्यानंतर आमच्या लाइनवर अपघात झाला.

लाइनवरच्या रोबोटभोवती जाळीचा पिंजरा असतो. पिंजऱ्याचं दार उघडलं की रोबोट थांबतो. आमच्याकडे पार्ट वरचेवर अडकत, दार उघडावं लागे, आणि दर वेळी लाइन पुन्हा चालू करण्यात वेळ जाई. दाराच्या स्विचमध्ये जादाची चावी घालून ठेवली तर दार उघडं असतानाही रोबोट चालत राहतो. ती चावी घालायला मी सांगितलं होतं. अकराव्या दिवशी सकाळी बालाजी नावाचा लातूरकडचा कंत्राटी कामगार अडकलेला पार्ट काढायला आत गेला आणि रोबोटचा हात फिरला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो गेला होता.

मला तेव्हा काही वाटलं नाही. दुपारी मी डबा खाल्ला. भेंडी होती, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी बोऱ्हाडे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "चावी घालायला कोणी सांगितलं?"

"माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेच शब्द लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. "बरं," ते म्हणाले.

आठवडाभरानं मीटिंग झाली. वरिष्ठांनी तयार करून आणलेल्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं कारण होतं. फक्त बोऱ्हाडे साहेबांची सही बाकी होती. प्लँटचे प्रमुख म्हणाले, "बोऱ्हाडे, कामगार स्वतःहून आत गेला, हे खरं आहे ना?"

"खरं हाय. दार उघडं असताना रोबोट चालू होता, हेबी खरं हाय."

वरिष्ठांपुढे त्यांच्या तोंडून गावचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी स्वतः लिहिलेला अहवाल काढला आणि वाचला. जबाबदार म्हणून पहिलं नाव होतं, शरद बोऱ्हाडे, सेफ्टी ऑफिसर. जादा चावी त्यांनी अपघाताआधीच्या सोमवारच्या फेरीत पाहिली, वहीत शेरा मारला, लाइन बंद केली नाही.

"अहो, स्वतःचं नाव कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"लाइन बंद करायचा अधिकार मला होता. मी शेरा लिहून पुढं गेलो."

त्या अहवालाची प्रत त्यांनी सरकारी निरीक्षकाकडे पाठवली. बालाजीच्या नावापुढचा 'निष्काळजीपणा' काढला गेला. त्याच महिन्यात साहेबांकडून राजीनामा मागून घेण्यात आला.

उरलेले दिवस ते बसमध्ये माझ्याच शेजारी बसत. टॅब उघडा असे, पण पान तेच. "कसं आहे नवीन?" मी विचारायचो. "बरं हाय," ते म्हणायचे.

शेवटच्या दिवशी परतताना मी म्हणालो, "साहेब, तुमच्या रिपोर्टात माझं नाव नाही."

"तू माहीत न्हाई म्हणालास. मला जे सांगतात तेच मी लिहितो."

बस चालत राहिली. थोड्या वेळानं त्यांनी टॅब बंद करून पिशवीत ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "अजून काही सांगायचं असलं तर भोसरी यायला टाइम हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मोशीच्या सिग्नलला बस बराच वेळ उभी होती. शेजारी नव्या गाड्या लादलेला ट्रेलर होता. मी त्यावरच्या गाड्या पाहत राहिलो. ते माझ्याकडे पाहत नव्हते, समोर पाहत होते, आणि वाट पाहत होते.

भोसरी आली. ते उठले, पिशवी खांद्याला लावली. "नीट जा, राव," म्हणाले आणि उतरले.

मी थेरगावला उतरलो. जेवलो. झोपही लागली. सकाळी बस वेळेवर आली आणि मी तिच्यात चढलो.