खिडकीतला पेला

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही सोळा वर्षं काढली. नवरा तिथल्या संरक्षण कारखान्यात होता. समोरच्या दारात एक तमिळ ख्रिस्ती बाई राहायची. विधवा, कारखान्याच्याच दवाखान्यात नर्स. दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे दहा-बारा बायका जमायच्या. प्रार्थना, टाळ्या, गाणी, रडणं. माझं डोकं उठायचं. शेवटी मी ऑफिसात अर्ज दिला. शेजारणींच्या सह्या घेतल्या, पहिली माझी. प्रार्थना बंद झाली. तेव्हा मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! आता आठवलं की लाज वाटते.

पुढच्याच वर्षी सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना कुशीवर वळवता वळवता माझं कंबरडं मोडायचं. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. एका सकाळी समोरची ती नर्स दारात उभी. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "अक्का, मी वळवू का त्यांना?" मी बाजूला झाले. दुसरं करणार तरी काय होते?

त्यानंतर सात महिने ती रोज यायची, कधी ड्यूटीच्या आधी, कधी नंतर. जखमा धुवायची, चादर बदलायची, केस विंचरायची. जन्मभर सोवळं पाळलेल्या सासूबाई डाव्या हातानं तिचा पदर धरून ठेवायच्या, सोडायच्याच नाहीत.

कॉफी मी तिला द्यायचे, नाही असं नाही. पण वेगळ्या पेल्यात. पोचा आलेला एक स्टीलचा पेला मी तिच्यासाठी खिडकीत ठेवला होता. कॉफी झाली की ती स्वतःच तो विसळून पालथा घालायची. याचं खापर सासूबाईंच्या सोवळ्यावर फोडता येईल, पण त्या बिचाऱ्या बोलूही शकत नव्हत्या. पेला मीच ठेवला होता.

एकदा न राहवून मी विचारलं, "तो अर्ज कुणी दिला होता, ठाऊक आहे तुला?"

"आहे ना," ती म्हणाली. "तेव्हापासून रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते. येशूनं तसंच सांगितलंय."

मला वाटलं, टोमणा मारतेय. घुश्शात दोन दिवस मी तिला कॉफीच दिली नाही. अगं बाई, काय माणूस होते मी!

मग तो दिवस आला. सकाळी दहाच्या सुमाराला सासूबाईंना घरघर लागली. नवरा कारखान्यात. ती सासूबाईंपाशी होती. मी देवघराकडे धावले. काशीहून आणलेला गंगाजलाचा गडू, तोंड पक्कं बंद केलेलं. सांडशीनं, उलथन्यानं, कशानंच उघडेना. कसाबसा फोडून आत आले, तर ती चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घालत होती. खिडकीतल्या त्या पेल्यातलं. तो घोट उतरला आणि सासूबाई गेल्या.

"कुणी सांगितलं होतं तुला?" मी किंचाळले. "गंगाजल आणत होते ना मी!"

"अक्का, त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती," एवढंच म्हणाली. पेला विसळला, पालथा घातला आणि गेली.

तेराव्याला मी तिला मुद्दाम बोलावलं. तेरा दिवस मनात एकच घोकत होते, हिची माफी मागायची, तीही चारचौघांत. घर नातेवाइकांनी भरलेलं. मी आमच्या रोजच्या पेल्यांतल्या एका पेल्यात कॉफी भरून तिच्यापुढे धरली. नणंदेनं मान वर करून पाहिलं.

तिनं एकदा नणंदेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठून खिडकीतला आपला पेला घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला.

"यातच ओता, अक्का," ती हळूच म्हणाली. "पाहुणे आहेत. नंतर तुम्हाला बोलणी बसायला नकोत."

आणि मी ओतली. नणंद बघत होती म्हणून ओतली. महिन्याभरात समोरची ती बाई रिटायर होऊन गावी गेली, आणि माफी मागायची ती राहूनच गेली.