समजामामांचं टेबल

समजामामांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं आणि त्या 'समजा'पुढे कधी काही चांगलं यायचं नाही. समजा, बस चुकली. समजा, दूध नासलं. समजा, मांडवात नवरदेवालाच ताप भरला. हे माझे सख्खे मामा. मूळचे अलिबागकडचे ज्यू, मुंबईहून इस्रायलला आलेले आणि हैफाच्या बंदरात कामाला असलेले. त्यांचं खरं नाव मामी घेत नसत आणि बाकीचे विसरले होते.

त्यांची एकुलती लेक फ्लोरा अर्जेंटिनाहून आलेल्या दानिएलच्या प्रेमात पडली आणि मामांच्या काळजीला ऊत आला. दानिएलची आई विधवा, या देशात नवीन, हिब्रू जेमतेम. "भारतातही ज्यू असतात? आणि त्यांच्याशी मी बोलू कुठल्या भाषेत?" असं ती मुलाला म्हणाली होती. पहिला प्रश्न आम्हाला इथे नवा नव्हता, पण मामांना तो फार लागला. दानिएल आईच्या शब्दाबाहेर नव्हता. तिने नाही म्हटलं, की लग्न मोडलंच.

मामांनी ठरवलं, बाईंना एका अर्जेंटिनावाल्याच्या हॉटेलात जेवायला न्यायचं आणि टेबल आपण स्वतः त्यांच्या स्पॅनिशमध्ये मागायचं. बंदरावरच्या सोबत्याकडून त्यांनी वाक्य आणलं, "उना मेसा पारा सेइस." सहा जणांसाठी एक टेबल.

"मेसा म्हंजे आपलं मेज गो! परकी नाय ही भाषा," ते मला म्हणाले. दोन दिवस खुशीत होते. मग त्यांचं घोडं 'पारा'वर अडलं. हिब्रूत पारा म्हणजे गाय. आमच्या कोकणातल्या घरांत गाईचं मांस शिजत नसे आणि मामांनी इथे येऊनही ते तोंडाला लावलं नव्हतं. अर्जेंटिनावाल्याकडे तर तेच मुख्य पक्वान्न.

"समजा, त्याने हिब्रू समजून सहा जणांपुढे गाय आणून ठेवली तर? बाईसमोर नको कसं म्हणू?"

"पारा तुमचाच चढलाय," मामी म्हणाल्या. "कोंबडी मागा नि गप बसा."

"पप्पा, दाय!" फ्लोरा हिब्रूत ओरडली, पुरे म्हणून. ती रडवेली झाली होती.

मला हसू आलं नाही. एका शब्दावरून पोरीचं लग्न मोडेल असं मामांना खरंच वाटत होतं. त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि त्यांच्यापायी आमचाही.

ठरल्या दिवशी आम्ही सहाजण हॉटेलच्या दारात उभे राहिलो. बाईंनी पर्स छातीशी धरली होती, चेहरा कोरा. वेटर पुढे आला. "उना मेसा..." मामा म्हणाले आणि थांबले. ओठांवर आलेला 'पारा' त्यांनी गिळला, त्याबरोबर पुढचं सगळं वाक्यही पोटात गेलं. घाबरलेल्या मामांना मुंबई आठवली. तिथे बायकामाणसं बरोबर असली की हॉटेलात पडद्यामागची फॅमिली रूम मागायची पद्धत. मामांनी बाईंपासून माझ्यापर्यंत हात फिरवला, सहा बोटं वर केली आणि मोठ्याने म्हणाले, "फ्यामिली! उना फ्यामिली!"

बाई गर्रकन वळल्या. "फामिलिया?"

"येस, येस. फ्यामिली," मामा म्हणाले.

बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि तिथेच रडायला लागल्या. या देशात आल्यापासून आईला कुणी आपलं म्हटलं नव्हतं, असं दानिएलने आम्हाला हळूच सांगितलं.

परतताना बसमध्ये मामा माझ्या कानाशी लागले. "अगो, मी पडद्याची खोली मागत होतो. समजा, तिला कळलं तर?"

कळलं नाही. लग्न थाटात झालं, नातवंडं झाली. मामा मात्र ही काळजी शेवटपर्यंत वाहत राहिले.

मामा गेले तेव्हा विहीणबाई आमच्या रीतीप्रमाणे सुतकाचे सातही दिवस आमच्यासोबत जमिनीवर बसल्या. एका शेजारणीने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? एव्हाना त्यांना हिब्रू चांगली येत होती. मुलाचं, सुनेचं नातं त्यांना सांगता आलं असतं.

"मिश्पाखा," त्या म्हणाल्या. कुटुंब.

मामींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सरकून त्यांना आपल्याजवळ जागा करून दिली.