कानामागची जट

कुत्र्याच्या जटेला मी रोज सकाळी हळदकुंकू वाहत होते, असं आज कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मला हसू येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सातवीत होते. वडिलांच्या ऑफिसातले साहेब बदली होऊन कोल्हापुरातून निघाले आणि आपला लांब केसांचा पांढरा कुत्रा वडिलांच्या गळ्यात मारून गेले. आमची गल्ली म्हशीवाल्यांची. तिथं कुत्रा म्हणजे दाराबाहेर शिळी भाकरी टाकायचं जनावर. हा आला तेव्हा बायका पोरं कडेवर घेऊन बघायला आल्या. "मेंढरू म्हनावं तर भुकतंय की!" समोरचा म्हशीवाला म्हणाला.

साहेबांनी जाताना एक ब्रश दिला आणि बजावलं, रोज विंचरायचं, कानामागं आणि काखेत जास्त. आईनं जाहीर केलं की ती त्या केसांना हात लावणार नाही. काम माझ्यावर आलं. पहिला महिना मी ते इमानेइतबारे केलं. रविवारी रिठ्याच्या पाण्यानं अंघोळ, मग उन्हात बसवून विंचरणं आणि वर हौस म्हणून माझ्या रिबिनी. पुढं कंटाळा आला. मी ब्रश वरवर फिरवून मोकळी व्हायला लागले. कानामागं गुंता झाला, त्याची लिंबाएवढी घट्ट गाठ झाली. कापून टाकावी म्हणून कात्री घेऊन बसले, तर मावशीनं माझा हात धरला.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, गडहिंग्लजकडे दिलेली. नवरा गेल्यावर ती आमच्याकडं राहायला आली होती. तिकडच्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलायची. तिच्याही डोक्यात मानेपाशी मनगटाएवढी जट होती, कायम पदराखाली झाकलेली. आमच्या भागात जट आली की देवीनं बोलावलं असं समजत. तिला फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. दर मंगळवारी मावशी जटेला तेल घाली, हळद लावी. ती टोचायची म्हणून बाई कधी उताणी झोपली नाही.

"कापू नगंस, पोरी," ती म्हणाली. "जट हाय ती. मुक्या जनावराला बी द्येवी धरती."

मला आयतंच सापडलं. खरं सांगायचं तर देवीची भीती वगैरे काही वाटली नाही, ब्रश सुटला याचाच आनंद झाला. वडील कपाळाला हात लावून हसले, पण मावशीपुढं बोलायची त्यांची टाप नव्हती. मीही मावशीबरोबर त्या गाठीला हळदकुंकू वाहायला लागले. कुत्रा आधी माझा हात चाटायचा. मग हळदीची वाटी दिसली की पलंगाखाली शिरायला लागला. मान वाकडी धरून चालायचा, दूध-भाकरी तशीच ठेवायचा. वास यायचा, तो आम्ही खवट तेलाचा समजलो.

एका सकाळी तो उठलाच नाही. वडिलांनी हात लावला, तर अंग भाजत होतं. ते तडक समोरच्या म्हशीवाल्याला घेऊन आले. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवायच्या, त्याआधी तो वस्तऱ्यानं त्या भादरत असे, आणि अख्ख्या म्हशीवर एक ओरखडा उठत नसे. मावशी दारात आडवी उभी राहिली.

"दाजी, घरावर कोप हुईल."

"अक्का, कुत्रं मरायला लागलंय," वडील म्हणाले. तिनं वाट सोडली.

म्हशीवाल्यानं कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं, मला पाय धरायला लावले, पाणी लावून वस्तरा फिरवला. गाठ एका बाजूनं सुटली आणि झाकणासारखी उचलली गेली. खाली लालभडक मांस होतं आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्याच्यावर मी रोज कुंकू वाहत होते!

"थांबा जरा," म्हणत त्यानं मांसात रुतलेलं काहीतरी चिमटीनं ओढून काढलं. ती माझी निळी रिबीन होती. हौसेनं कानाभोवती बांधलेली आणि सोडायची राहिलेली. तिच्याभोवतीच केस गुंतत गेले होते.

"द्येवीबिवी न्हाई ओ," तो म्हणाला. "रिबीन हाय पोरीची."

अळ्या मराव्यात म्हणून त्यानं सीताफळीचा पाला ठेचून जखमेत भरला. गुरांच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली. पंधरा दिवस जगतो की मरतो असं चाललं होतं. शेवटी वाचला, पण अर्धा कान गेला. मी हात पुढं केला की तो अंग चोरायचा. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

पुढचा मंगळवार आला तरी मावशीनं तेलाची वाटी घेतली नाही. दुपारी आई बाजारात गेली होती. मावशी घरामागं परड्यात माझ्याकडं पाठ करून बसली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

"काप."

मी हबकले. "मावशी, देवीची..."

"काप म्हणतो न्हवं? खाली काय हाय, बघू दे तरी."

जट कात्रीला दाद देईना. शेवटी ती माझ्या हातात आली, ओल्या दोरखंडाइतकी जड. मी जीव मुठीत धरून बघितलं. अळ्या नव्हत्या, रक्त नव्हतं. नुसती पांढरीफटक कातडी होती.

"काय हाय?" तिनं विचारलं.

"काही नाही, मावशी."

तिनं मानेवरून हात फिरवून बघितला. मग म्हणाली, "बाळ ग्येलं तवा तीन म्हयनं भिंतीकडं तोंड करून पडून हुतो. सासरात कुणी डोस्क्यात फणी घातली न्हाई. उठलो तर सासू म्हनली, द्येवी आलीया."

मी आतून फणी आणली. केसांना ती टेकताच मावशीनं अंग चोरलं. मी हात मागं घेतला.

"दुखत न्हाई," ती म्हणाली. "थांबू नगंस."