खिडकीखालचा शेजारी

ऑफिसात त्याला सगळे हमाल म्हणत. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर एखादा लेख नव्या पानावर गेला, की खालच्या वाचकांच्या प्रतिक्रिया आपोआप जात नसत. त्या उचलून न्यायचं काम ह्याचं. प्रत्येक प्रतिक्रियेला नंबर, तिला आलेल्या उत्तरांवरही तोच नंबर. म्हणजे लेकरं आईच्या मागोमाग नीट पोचतात. काय कुठून कुठे गेलं, हे तो तक्त्यात लिही. नऊ वर्षांत एक स्वल्पविरामही हरवला नव्हता.

त्याची बायको बागकामाच्या लेखांखाली 'खिडकी' या नावाने लिही. त्याला त्याचा अभिमान होता. फक्त तिला सांगायचं राहून गेलं होतं. आणि बहुतेक वेळा खाली कुणी 'शेजारी' उगवे. "वा! तुमच्या कुंडीतल्या पुदिन्याचा वास इथवर आला." मेल्याचं नाक आहे की नळी, असं हमाल पुटपुटे.

मंगळवारी बागेचं सदर हलवायला घेतलं. खिडकीच्या बेचाळीस प्रतिक्रिया त्याने अलगद नव्या पानावर नेल्या. शेजाऱ्याची एकतीस उत्तरं जुन्या पानावरच सोडली. तिकडे आता चिटपाखरूही फिरकणार नव्हतं. तक्त्यात लिहिलं, 'सर्व हलवले'. आयुष्यातली पहिली थाप, पण जीव कसा गार झाला.

संध्याकाळी बायको फोन घेऊन बसलेली. कुंड्या कोरड्या.

"काय झालं गं?"

"एक माणूस माझं वाचायचा. त्यानं सगळी उत्तरं पुसली बहुतेक. कंटाळला असेल. आता लिहीत नाही मी."

"बरंच झालं! रिकामटेकडा दिसत होता."

"असू दे. वाचायचा तरी. घरात कोण वाचतंय?"

हमाल उसळला. "मी! तुझ्या बेचाळीसच्या बेचाळीस आज मी स्वतः उचलून नेल्यात!"

"उचलल्यात हो. कधी एका ओळीला बरी म्हणालात?" मग ती थबकली. "आजच नेल्यात? आणि त्याची उत्तरं?"

हमालाचे कान तापले. "मागे... राहिली."

"राहिली, की ठेवलीत?"

तो कुंडीतली कोरडी माती बोटाने उकरू लागला.

"अहो, इतकं जळायचं होतं, तर निदान लिहून तरी जळायचं!" असं म्हणून ती पाण्याचा तांब्या आणायला गेली.

सकाळी त्याने एकतीसही उत्तरं जागच्या जागी नेली, तक्ता दुरुस्त केला. मग पुदिन्याच्या प्रतिक्रियेखाली, बरोबर शेजाऱ्याच्या खाली, बत्तिसावं उत्तर टाकलं : "छान लिहिलंय. वास मात्र आमच्याकडे आधी येतो." सही केली, 'घरातला'.