धामापूरच्या तळ्याकाठचं गाऱ्हाणं

आजरा मागे पडलं तसं धुकं रस्त्यावर उतरलं आणि आमचं भाड्याचं चाकांवरचं घर त्यात हळूच शिरलं. समीर, माझा नवरा, दिवे लावून बैलगाडीच्या वेगानं चालवत होता. दहा वर्षांची ओवी खिडकीला नाक लावून बसली होती. मागच्या बिछान्यावर माझे बाबा पडून होते.

कॅरॅव्हॅन घेतली ती बाबांसाठी. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. फार वेळ बसवत नाही, म्हणून बिछान्याची गाडी. त्यांचं लहानपण धामापूरच्या तळ्याकाठी गेलं होतं. ते पाणी पाहून एखादा तरी शब्द येईल, या आशेवर मी सगळ्यांना घराबाहेर काढलं होतं. सोबत माझी चित्रांची कार्डं होतीच : कप, पंखा, केळं. रोज सकाळी मी बाबांची शिकवणी घ्यायचे आणि रोज नापास व्हायचे.

आंबोलीला सकाळी ओवी आणि मी जंगलात चालायला गेलो. पाऊस संपून महिना झाला होता, तरी झाडं अजून ठिबकत होती. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि वर कुठेतरी शीळ घालणारा, पण अजिबात न दिसणारा पक्षी. आपण चालतोय की झोपेत आहोत, हेच कळेना. पायाला जळू चिकटली तेव्हा मात्र मी अशी किंचाळले की ओवी म्हणाली, "आई, ती बिचारी घाबरली गं."

परतताना तिनं एक ओलं पान उचललं आणि आजोबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांनी ते नाकाशी नेलं, कितीतरी वेळ धरून ठेवलं. मला राहवलं नाही. "पान. म्हणा बाबा, पाऽन." त्यांनी डोळे मिटून घेतले. समीरनं गाडी सुरू केली.

घाट उतरून, कुडाळजवळ एका खाणावळीत कुळथाची पिठी आणि भात जेवून, आम्ही संध्याकाळी तळ्याशी पोचलो. हिरव्या डोंगरांच्या कुशीत पाणी इतकं निवांत होतं की आम्हीही कुजबुजतच बोलू लागलो. रस्त्याकडेच्या राईत, मोठ्या झाडाखाली मोकळी जागा दिसली. तिथेच गाडी लावली. जागा कुणाची, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीभर तळं होतं, वर धुक्याची पातळ साय. बाबा आधीच उठून बघत बसले होते. मी कार्डं काढली. तळं आलं, पाणी आलं, शब्द काही आला नाही. तेवढ्यात बाहेरून समीर ओरडला. मागचं चाक ओल्या मातीत अर्धं रुतलं होतं.

कमरेला कोयता लावलेले एक म्हातारे शेतकरी आले. त्यांना सगळे दाजी म्हणत. त्यांच्या हाकेसरशी आणखी चारपाच जण जमले. दाजींनी चाकाकडे पाहिलंच नाही.

"राखणदाराच्या, गाव राखणाऱ्या देवाच्या जाग्यार गाडी लावलात, आनि त्येका सांगूक नाय?"

"आम्हाला माहीत नव्हतं हो," मी म्हणाले.

"म्हायत नाय तर इचारूचा. आता आधी गाऱ्हाणा, मगे ढकलूया."

देवाला साकडं घालायला झाडाखालच्या दगडापुढे नारळ ठेवला गेला. बाबांना आम्ही दारातल्या खुर्चीवर बसवलं. दाजींनी हात जोडले आणि त्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

"बा देवा म्हाराजा! ही लेकरां पुण्यासून तुझ्या दारात इली..."

"व्हय म्हाराजा!" जमलेले एका सुरात म्हणाले.

"तुका न इचारता गाडी लावल्यानी, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला एक आवाज मागून आला. जाडाभरडा, थोडा उशिरा. मी वळले. बाबांचे हात जोडलेले होते.

दाजींना काय ठाऊक! ते थांबले नाहीत. "ह्यांचा चाक भायर काढ, नि सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा म्हणाले. आता सगळ्यांबरोबर, अगदी वेळेवर.

मी तिथेच चिखलात बसून रडले. ओवीनं आजोबांच्या गळ्याला मिठी मारली. फळ्या घातल्यावर चाक तिसऱ्या धक्क्याला निघालं, असं समीर सांगतो. मी ते पाहिलंच नाही.

आम्ही आणखी दोन दिवस तळ्याकाठी राहिलो, या वेळी दाजींना विचारून. दुसरा शब्द आला नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं होतं, लहानपणी सगळ्यांबरोबर म्हटलेलं कधीकधी आत शाबूत राहतं, बाकीच्याचा भरवसा नाही. मी आठ महिने बाबांपुढे एकेक शब्द धरत होते. त्यांच्याबरोबर काही म्हणायचं मात्र राहून गेलं होतं. याचं मला फार वाईट वाटलं.

पुण्यात परतल्यावर पहिल्या सकाळी कार्डं कपाटात गेली. मी चहाचा कप घेऊन बाबांच्या पलंगाशी उभी राहिले. ओवी, समीर मागे. माझी मालवणी मोडकीतोडकी, तरी हात जोडून आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! ही चाय लय गरम आसा, ती बाबांच्या घशाखाली नीट उतरव रे म्हाराजा!"

बाबा हसले. आणि मग आम्ही चौघेही म्हणालो, "व्हय म्हाराजा!"